सवंगड्यांचा आधार

मनातील दुःख कोणाजवळ सांगावे, हा प्रश्न माणसास प्रत्येक वयात पडतो. परंतु तेरा-चौदापासून अठरा-एकोणीसपर्यंतच्या वयात तो जितका बिकट होतो, तितका आधी नसतो आणि पुढेही क्वचितच असतो. लहानपणी आईची कूस जवळ असते. प्रौढपणी अनुभवाने थोडेबहुत शहाणपण आलेले असते. मधल्या कुमारवयात मात्र आईबापांपाशी बोलण्याचा संकोच वाटतो, शिक्षकांचा धाक वाटतो, आणि आपले दुखणे डॉक्टरकडे नेण्यासारखे आहे हेच मुळी ठाऊक नसते. उरतो तो शेजारच्या बाकावरचा सोबती. परीक्षेची धास्ती, घरातील भांडण, चारचौघांत झालेला अपमान, आपण कोणालाच नकोसे आहोत ही भावना, हे सारे प्रथम त्याच्या कानावर पडते.

ही गोष्ट जगाइतकीच जुनी आहे. परंतु सोबत्याच्या ठिकाणी असलेल्या या सहज शक्तीस शिक्षणाची जोड द्यावी, तिच्यामागे डॉक्टर, शिक्षक व शासन यांनी उभे राहावे, आणि कुमारवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी तिचा उपयोग करावा, हा विचार मात्र अलीकडचा आहे. भारतात या विचाराचा माग काढू लागले म्हणजे वाट बंगळूर शहरी येऊन पोहोचते. कारण मनाने व्यथित झालेल्या माणसाजवळ कोणी जावे, या प्रश्नाचे उत्तर या शहराने पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलले आहे, आणि प्रत्येक बदलाबरोबर मदत करणारा माणूस व्यथिताच्या एकेक पाऊल जवळ आलेला आहे.

बंगळूरचे नाव मराठी माणसास परके नाही. १६३८ नंतर विजापूरच्या दरबाराकडून शहाजीराजांना मिळालेल्या जहागिरीचे ते ठाणे होते. याच शहरात १८४७ साली वेड्यांचे इस्पितळ स्थापन झाले. त्या काळच्या अशा इस्पितळांस इंग्रजीत जो शब्द वापरीत त्याचा अर्थ 'आश्रयस्थान' असा होता. परंतु आश्रयापेक्षा बंदोबस्ताचीच कल्पना त्यात अधिक होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५८ साली झालेला वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आणि पुढचा १९१२ चा कायदा हे दोन्ही वाचले, तर त्यांतून मॅजिस्ट्रेटचा हुकूम, दाखला, ताबा आणि सुटका यांचीच भाषा प्रामुख्याने कानी पडते. या माणसाला काय होत आहे, हा सरकारी दप्तरापुढचा प्रश्न नव्हता. याला कोठे ठेवावे, हा प्रश्न होता. अशा व्यवस्थेत रुग्णाच्या सर्वांत जवळचा माणूस म्हणजे पहारेकरी.

१९२५ साली म्हैसूर सरकारने या संस्थेचे जुने नाव बदलून तिला मानसिक रुग्णालय म्हणावयास आरंभ केला. नाव पालटल्याने दुखणे बरे होत नाही हे खरे; तरीही नावात दृष्टी असते. फ्रँक नरोन्हा आणि त्यांच्यानंतर एम. व्ही. गोविंदस्वामी या अधीक्षकांच्या काळात रुग्णालय शहराच्या दक्षिणेस प्रशस्त आवारात गेले, आणि तेथे औषधोपचाराबरोबरच अभ्यासास स्थान मिळाले. १९४६ साली भोर समितीने देशातील मानसिक रुग्णालयांची हलाखी आणि शिक्षित मनोवैद्यांची वाण या दोहोंकडे लक्ष वेधले. तिच्या शिफारशीस अनुसरून १९५४ साली बंगळूर येथेच अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. ही संस्था व जुने रुग्णालय यांचे १९७४ साली एकीकरण होऊन जी राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था निर्माण झाली, ती आज 'निम्हान्स' या आद्याक्षरी नावाने सर्वतोमुखी आहे. पहारेकऱ्याची जागा अशा रीतीने डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ व परिचारिका यांनी घेतली.

परंतु डॉक्टर कितीही कुशल झाला तरी तो दुसऱ्या जगातला माणूस. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मानसिक रुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. अनुभव असा आला की, आप्त जवळ असता रुग्ण लवकर सावरतो, आणि घरी परतल्यावर त्यास नाकारले जाण्याचा संभवही कमी होतो. वेल्लूर येथे व पुढे बंगळुरातही कुटुंबास उपचारांत सामावून घेण्याचा हा मार्ग स्वीकारला गेला. डॉक्टरच्या जोडीस आप्त आले.

पुढचे पाऊल भिंतीबाहेरचे होते. १९७५ च्या सुमारास बंगळूरजवळच्या सकलवारा येथे निम्हान्सने ग्रामीण केंद्र उघडले, आणि गावपातळीवरच्या आरोग्यसेवकास मनोविकार ओळखावयास शिकविता येईल काय, याची परीक्षा सुरू केली. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला, आणि त्यानंतर बळ्ळारी जिल्ह्यात जिल्हापातळीवरचा प्रयोग झाला. त्याच्याच नमुन्यावर १९९६ पासून देशभर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. या साऱ्या प्रयोगांचा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येईल: ज्याने वैद्यकाची पदवी घेतलेली नाही असा माणूसही, त्यास थोडके परंतु नेमके शिक्षण दिले आणि अडचणीच्या वेळी विचारावयास डॉक्टर मागे ठेवला, तर मनोरुग्णाच्या उपयोगी पडू शकतो. या वाक्यातील 'डॉक्टर मागे ठेवला तर' हे शब्द विशेष लक्षात ठेवावयाचे आहेत.

येथे या प्रवाहास येऊन मिळणाऱ्या दुसऱ्या एका प्रवाहाकडे वळले पाहिजे. बरोबरीच्याने बरोबरीच्यास साह्य करावे, ही कल्पना रुग्णालयात जन्मली नाही. ती शाळेत जन्मली, आणि तीही आपल्याच देशात. पंतोजींच्या शाळेत थोरल्या मुलाने धाकट्याकडून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घ्यावयाची, ही रीत महाराष्ट्रास परिचित होती. मद्रासकडेही अशीच रीत होती. १७८९ साली मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाकडे आला. एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढीत शिकत असलेली त्याने पाहिली, आणि आपल्या शाळेतील शिक्षक ही पद्धत पत्करीनात तेव्हा त्याने ते काम एका लहान विद्यार्थ्यावरच सोपविले. १७९७ साली त्याने या प्रयोगाची हकीकत इंग्लंडात प्रसिद्ध केली. तेथे जोसेफ लँकेस्टर यानेही तशीच पद्धत चालविली, आणि मुलांकडून मुलांना शिकविण्याची ही 'मद्रास पद्धती' पाहता पाहता देशोदेशी पसरली.

परंतु तिचा शेवट बोधप्रद आहे. एका शिक्षकाच्या पगारात शेकडो मुले शिकतात, हेच या पद्धतीचे मोठे आकर्षण ठरले. शिकविणारी मुले स्वतः अर्धवट शिकलेली. त्यांच्यावर देखरेख अपुरी. मग पाठांतराचा यांत्रिकपणा आला, काही मॉनिटर धाकट्यांवर लहानसे जुलूमही करू लागले, आणि १८४६ साली इंग्लंडात वेतन व रीतसर शिक्षण देऊन तरुण शिक्षक तयार करण्याची योजना आली तेव्हा जुनी पद्धत मागे पडली. मुलाने मुलास साह्य करावे ही कल्पना चुकीची नव्हती. ते साह्य स्वस्त आहे म्हणून पत्करले गेले, ही चूक होती.

दुःखाच्या क्षेत्रातही या कल्पनेस आधार होता. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण मराठी माणूस नित्य वापरतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील बिसेत्र येथे झां-बाप्तिस्त प्युसँ हा रुग्णसेवक बऱ्या झालेल्या रुग्णांतूनच नवे सेवक निवडीत असे. कारण मारहाणीची व्यथा तेच जाणत. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी दोन व्यसनग्रस्त गृहस्थांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. पुण्यास १९८६ साली सुनंदा व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांनाच नव्या रुग्णांच्या सेवेस उभे केले, हे मराठी वाचक जाणतोच. मात्र हे सारे प्रौढांचे प्रयोग होते. कुमारांच्या बाबतीत शाळेच्या दारातून आत शिरावयाचे तर प्रथम शिक्षकाकडेच जावे लागणार होते.

निम्हान्सने तेच केले. मालविका कपूर यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घकाळ अभ्यास केला व शिक्षकांना त्या कामासाठी तयार करण्याचा पुरस्कार केला. १९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेने शाळांतील जीवनकौशल्यांच्या शिक्षणाची रूपरेषा प्रसिद्ध केली. निर्णय घेणे, भावना आवरणे, ताण सोसणे, दुसऱ्याचे मन ओळखणे अशा कौशल्यांचा तीत समावेश होता. तिला धरून निम्हान्सने माध्यमिक शाळांसाठी पुस्तिका तयार केल्या, कर्नाटकातील शिक्षकांना प्रशिक्षण दिले, आणि तास घेण्याची रीत बदलावयास सांगितले. व्याख्यानाऐवजी चर्चा, खेळ व नाट्यप्रसंग यांवर भर आला. अर्थात मुलांनी मुलांशी बोलावे, आणि शिक्षकाने ते बोलणे घडवून आणावे.

या कार्यक्रमाची फलश्रुती श्रीकला भरत व के. व्ही. किशोर कुमार यांनी २०१० साली प्रसिद्ध केली. कार्यक्रमात वर्षभर भाग घेतलेल्या ६०५ मुलामुलींची तुलना त्यांनी, कार्यक्रम नसलेल्या जवळपासच्या शाळांतील ४२३ मुलामुलींशी केली. कार्यक्रमातील मुलांचा आत्मसन्मान अधिक दिसला, अडचणीस तोंड देण्याची उमेद अधिक दिसली, शाळेशी व शिक्षकांशी त्यांचे चांगले जुळले. परंतु घरच्या माणसांशी आणि बरोबरीच्या मुलांशी जुळवून घेण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मनोविकारांच्या लक्षणांतही आढळला नाही. अभ्यासकांनी हे न लपविता नमूद केले, हे त्यांस भूषणावह होय. शिक्षकाच्या हातून शिक्षकाच्या क्षेत्रात सुधारणा झाली. बाकावरच्या आणि उंबऱ्याआतल्या जगात ती पोहोचली नाही. त्या जगात शिरावयाचे तर तेथलाच कोणी बरोबर हवा, हा धडा त्या आकड्यांतून घेता येतो.

नेमक्या याच सुमारास शासनाची दृष्टीही त्या दिशेस वळली. ७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. मानसिक आरोग्य हा त्याच्या सहा प्रमुख विषयांपैकी एक होता, आणि सुमारे हजार वस्तीमागे दोन मुले व दोन मुली यांना समवयस्क शिक्षक म्हणून तयार करण्याची त्यात योजना होती. त्यांस 'साथिया' असे नाव मिळाले. त्या दशकाच्या मध्यास कर्नाटक सरकारच्या युवक सबलीकरण व क्रीडा खात्याने निम्हान्सच्या साह्याने 'युवा स्पंदन' ही योजना हाती घेतली. पंधरा ते पस्तीस वर्षांच्या तरुणांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत मार्गदर्शन केंद्रे उघडावयाची, त्याच भागातील तरुण-तरुणींना शिकवून तयार करावयाचे, आणि 'युवा परिवर्तक' या नावाने त्यांना महाविद्यालयांत व वस्त्यांत पाठवावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. शिक्षण, आरोग्य, नातेसंबंध, व्यक्तिमत्त्व, सुरक्षितता अशा रोजच्या विषयांच्या निमित्ताने तेथे बोलणे सुरू होते. आपणास मनोविकार झाला आहे असा कबुलीजबाब कोणाकडून मागितला जात नाही, आणि इस्पितळाच्या दारास बुजणारा तरुण याच कारणाने या केंद्रात येऊ शकतो.

गरज किती मोठी आहे, हेही याच काळात आकड्यांनी स्पष्ट झाले. २०१५-१६ साली निम्हान्सने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यातील तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या पाहणीत मनोविकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. ग्रामीण भागात ते ६.९ टक्के, तर महानगरांत १३.५ टक्के होते. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. इतक्या मुलांपैकी कोणाचे मन त्यापूर्वी कोणाजवळ उघडे झाले असेल, तर ते बहुधा एखाद्या सवंगड्याजवळच.

आणि येथेच या योजनांतील खरी कसोटी आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाचे ऐकावे म्हणजे नेमके काय करावे? सल्ला देणे हे त्याचे काम नव्हे. सल्ला द्यावयास लागणारे आयुष्य त्याने अजून पाहिलेले नाही. त्याचे काम चार गोष्टींचे आहे. शांतपणे ऐकावे, हसू नये, दोष देऊ नये. जे ऐकले त्याची वाच्यता वर्गात करू नये. एकट्यास एकटे सोडू नये. आणि जिवावर बेतण्यासारखे काही कानी आले तर तत्काळ विश्वासाच्या मोठ्या माणसास सांगावे. यांतील दुसरी व चौथी गोष्ट परस्परांविरुद्ध वाटतात, आणि कोवळ्या मनास तेथेच पेच पडतो. 'कोणाला सांगू नकोस' अशी शपथ घालूनच अनेकदा ते गुपित सांगितलेले असते. मित्राचा शब्द पाळावा की मित्राचा जीव राखावा, हा प्रश्न त्या वयात सोपा नसतो. शब्द मोडणे हाच अशा वेळी मैत्रीचा धर्म होय, ही गोष्ट त्यास आधीच आणि पुन्हा पुन्हा सांगितलेली असावी लागते.

हे शिकविता येते, असा अन्यत्रचा अनुभव आहे. अमेरिकेतील अठरा माध्यमिक विद्यालयांत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मोठ्या विद्यालयांतील शिक्षित समवयस्क नेत्यांनी आत्मघाताचे विचार असलेल्या मित्रास मोठ्यांपर्यंत पोहोचविण्याचे प्रमाण, शिक्षण न मिळालेल्या नेत्यांच्या मानाने चौपट आढळले. ऑस्ट्रेलियात २००० साली सुरू झालेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या शिक्षणाचा कुमारांसाठी जो पाठ पुढे तयार झाला, त्याचाही गाभा मोठ्या माणसास बरोबर घ्या हाच आहे. आपल्या देशात बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील चौऱ्याहत्तर शाळांत गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने सहकाऱ्यांसह प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात समवयस्कांचे गट होते, भित्तिपत्रक होते, मनातले लिहून टाकावयाची पेटी होती. जेथे या साऱ्यांमागे खास नेमलेला व शिकविलेला समुपदेशक उभा होता, तेथे शाळेचे वातावरण सुधारले, निराशेची लक्षणे व दांडगाई कमी झाली. तेच काम आधीच भार असलेल्या शिक्षकावर आणखी टाकले, तेथे परिणाम दिसला नाही. डॉक्टर पदवीधर हवा की नको, हा वादाचा विषय राहील. परंतु त्या कामासाठीच मोकळा असलेला कोणी तरी मागे हवा, याविषयी संशय उरत नाही.

शाळाचालकांनी जपावयाची आणखी एक गोष्ट आहे. या कामासाठी मुले निवडावयाची वेळ आली म्हणजे सामान्यतः वर्गातील पहिल्या क्रमांकाचा किंवा शिस्तीचा मुलगा पुढे केला जातो. परंतु मुले आपले मन त्याच्याजवळ उघडे करतातच असे नाही. किंबहुना तो शिक्षकांचा मानला जातो म्हणून त्याला टाळतात. वर्गातील मुलेच कोणाजवळ बोलतात हे पाहून निवड झाली, तर ती अधिक खरी ठरते. ऐकणाऱ्या मुलाच्या मनावरही ओझे पडते, हे तर कदापि विसरता कामा नये. त्याला स्वतःला बोलावयास आठवड्यातून एकदा तरी जागा हवी, नको वाटल्यास दूर होण्याची मोकळीक हवी, आणि घडू नये ते घडलेच तर त्याचा दोष त्याच्या माथी येऊ न देणारे मोठे माणूस हवे.

कायदा आणि व्यवस्था या दोन्ही बाजूंनी ही पाठराखण आता पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ रोजी अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे गृहीत धरण्याचे आणि त्यास उपचार देण्याचे कर्तव्य त्याने शासनावर टाकले. जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९, ज्यामुळे असा प्रयत्न गुन्हा ठरे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपाने राहिले नाही. मित्राविषयी मोठ्यांस सांगितले तर पोलीस येतील, ही भीती त्यामुळे निराधार होत चालली आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही दूरध्वनीवरील राष्ट्रीय सेवा सुरू झाली. तिचे मध्यवर्ती केंद्र निम्हान्स, आणि तिची तांत्रिक बाजू बंगळूरचीच आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था सांभाळते. १४४१६ हा क्रमांक फिरविला असता प्रशिक्षित समुपदेशकाशी मराठीतूनही बोलता येते. मध्यरात्री मित्राचा निरोप आलेल्या मुलास आपल्यामागे कोणी उभे आहे असे वाटावयास हा क्रमांक पाठ असणे पुष्कळ झाले.

बंगळूरच्या या पावणेदोनशे वर्षांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पहाऱ्याच्या काळात व्यथिताजवळ कोणी आपले नव्हते. पुढे डॉक्टर आला, मग आप्त, मग गावचा आरोग्यसेवक, मग शिक्षक, आणि शेवटी सवंगडी. परंतु यशस्वी ठरलेल्या प्रत्येक पावलात पुढच्याने मागच्याची जागा घेतली नाही. मागचा त्याच्या पाठीशी उभा राहिला. आप्तांमागे डॉक्टर होता, आरोग्यसेवकामागे रुग्णालय होते. सवंगड्यामागे हे सारेच हवेत. मनोवैद्य थोडे आणि मुले पुष्कळ, तेव्हा मुलांनीच मुलांना सांभाळावे, एवढाच हिशेब करून जर या योजना चालविल्या, तर मद्रास पद्धतीच्या मॉनिटरांची कथा पुन्हा घडेल; फरक इतकाच की, त्या वेळी चुकले ते अक्षर होते, आणि आता चुकेल तो एखाद्याचा जीव असेल. ऐकण्याचे काम मुलाचे, परंतु ऐकलेले पेलण्याचे काम मोठ्यांचे, ही वाटणी प्रत्येक शाळेने, प्रत्येक महाविद्यालयाने आणि प्रत्येक घराने मान्य केली, म्हणजे शेजारच्या बाकावर सुरू झालेले बोलणे वेळेवर योग्य माणसापर्यंत जाऊन पोहोचेल.